बंदुकीच्या तोंडाचं माप

"हिचं तोंड ते न्हाय रं," म्हातारे काका शेजारी उभ्या असलेल्या पुतण्याला हळूच म्हणाले.

मी पलीकडच्या टेबलावर एका अपघाताचा पंचनामा लिहीत होते. मान वर केली नाही. ठाण्यात मान वर करणाऱ्याकडे काम येतं, हे मला रुजू झाल्यावर लवकरच कळलं होतं. पण काका काय करताहेत ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसत होतं. परत मिळालेल्या बंदुकीच्या नळीत त्यांनी करंगळी घातली होती आणि ते आत चाचपत होते. बैल विकत घेताना माणूस त्याचे दात बघतो, तसे.

त्या एवढ्याशा वाक्यावरून पुढे जे झालं, ते अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

पोलीस दलात मी उपनिरीक्षक म्हणून काही वर्षं काढली. नंतर दुसरी परीक्षा देऊन वेगळ्या खात्यात गेले. अशा आठवणी पिकलेल्या केसांच्या अधिकाऱ्यांनी लिहायच्या असतात, हे मला माहीत आहे. पण वर्दी लवकर उतरवली म्हणून आठवणी उतरत नाहीत. नावं कोणाचीच घेणार नाही. गावही नेमकं सांगणार नाही. अलिबाग आणि मुरूडच्या मधला किनारा, एवढं पुरे.

माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालेलं. मराठी बोलायचे ती तोलूनमापून. महिला शिपाई मला म्हणायच्या, "मॅडम, तुम्ही बोलता की बातम्या देता?" त्यामुळे मी कमीच बोलायचे. ऐकायचे मात्र सगळं.

आता बंदुकीचं सांगते. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करून घेतात. आमच्या हद्दीत शेतीसंरक्षणाचे बरेच परवाने होते. रानडुकरं आणि माकडं वाड्यांमध्ये शिरतात, म्हणून आजोबा-पणजोबांच्या काळापासून दिलेले. लोक बंदूक आणून देत, पोच घेत. आमचे मुद्देमाल सांभाळणारे हवालदार बंदुकीला दोऱ्याने चिठ्ठी बांधत आणि ती आतल्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवत. निकाल लागला की पोच दाखवून बंदूक परत न्यायची.

काकांची नारळ-सुपारीची वाडी होती. त्यांची बंदूक जुन्या संस्थानी काळातली, ठासणीची आणि तीही चकमकीची. तिच्या घोड्याच्या जबड्यात गारगोटीचा तुकडा असतो. चाप ओढला की घोडा पडतो, गारगोटी पोलादावर घासते आणि ठिणगीने दारू पेटते. नळीवरचा नंबर घासून घासून कधीच गेलेला. परवान्यावर लिहिलेलं फक्त एवढंच, ठासणीची, एकनळी.

साहेबांनी, म्हणजे आमच्या पोलीस निरीक्षकांनी, काकांना आत बोलावलं. "काका, पोच तुमची, चिठ्ठी तुमची. मग बंदूक लोकाची कशी?"

"ते मला न्हाय ठावं साहेब. पर ही माजी न्हाय."

"दिसायला तर तीच आहे."

"दिसाया हाय. पर ती न्हाय."

हवालदार दारात उभे होते. त्यांचा चेहरा पडला. त्यांच्या निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते आणि एवढ्या वर्षांत त्यांच्या खोलीतून साधी कोयती हरवली नव्हती. ते काकांना म्हणाले की वय झालं की माणसाला स्वतःची चप्पलही ओळखू येत नाही. काका त्यांच्याकडे बघून म्हणाले, "चप्पल पायाला कळते रं हवालदारा, डोळ्यांला न्हाय." त्यांनी सही केली नाही आणि बंदूकही घेतली नाही. ती टेबलावर ठेवून ते निघून गेले.

इथून सगळं अडलं. परवानाधारक म्हणतो ही माझी बंदूक नाही. मग त्याची बंदूक कुठे आहे? साहेबांना दोनच शक्यता दिसत होत्या. एक तर म्हातारा भ्रमिष्ट आहे, किंवा त्याने मूळ बंदूक शिकाऱ्यांना नाहीतर जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला विकली, जमा करताना भलतीच आणून दिली आणि आता आमच्यावर ढकलतो आहे. दुसरी शक्यता खरी निघाली तर काकांवर शस्त्र कायद्याखाली गुन्हा होणार होता. चौकशी माझ्याकडे आली. त्या दिवशी मान वर केली नव्हती, तरी आली.

मी काकांच्या वाडीवर गेले, शेजाऱ्यांचे जबाब घेतले. एक म्हणाला काका खोटं बोलणारे नाहीत. दुसरा म्हणाला काका लहानपणापासून हट्टी आहेत. तिसऱ्याने काकांबद्दल काहीच सांगितलं नाही, पण त्यांच्या पुतण्याने या शेजाऱ्याच्या बायकोची दाढ काढताना किती दुखवलं, ते तपशिलात सांगितलं. पुतण्या दंतवैद्य होता. बाजारपेठेत त्याचा दवाखाना. मी परत आले तेव्हा माझ्याकडे चार पानं होती आणि मला काहीही कळलेलं नव्हतं.

मग खबर आली. आमचा एक खबऱ्या सुजलेला गाल धरून ठाण्यात आला. दाढ दाखवायला गेला असताना त्याने पाहिलं होतं की डॉक्टरच्या खणात बंदुकीची नळी आहे. मागच्या खोलीत संध्याकाळी मशीन फिरतं, लोखंड घासल्याचा वास येतो. "डॉक्टर बंदूक बनवतोय साहेब. पॉलिश बाकी आहे, असं कंपाउंडरला सांगत होता. मी स्वतः ऐकलं."

साहेबांचा चेहरा उजळला. पुतण्याने नकली बंदूक बनवली, काकाने ती जमा केली, खरी विकली. सगळं जागच्या जागी बसत होतं. मला ते पटलं का? पटलं. मनात काहीतरी टोचत होतं, पण ते काय आहे हे धड मराठीत सांगता येत नव्हतं आणि इंग्रजीतही नाही.

दोन पंच घेऊन आम्ही दवाखान्याची झडती घेतली. बाहेर बाकावर तोंडात कापूस धरलेले पेशंट बसले होते. त्यांना काही विचारताही येईना. डॉक्टरने स्वतःच खण उघडला आणि फडक्यात गुंडाळलेली वस्तू माझ्या हातावर ठेवली.

ती बंदूक वीतभर होती.

एक पंच हसला. "हिनं काय चिमणी मारायची?"

डॉक्टर हसला नाही. मीही नाही. कारण ती खेळण्यासारखी दिसत नव्हती. लांबून पाहिलेल्या खऱ्या बंदुकीसारखी दिसत होती. शिसवी लाकडाचा दस्ता, त्याला गालाच्या जागी हलकासा उंचवटा. पितळी पट्टी, तिच्यावर मुंगीच्या डोक्याएवढे स्क्रू. घोड्याच्या जबड्यात तांदळाच्या कणीएवढी गारगोटी. मी नखाने घोडा मागे ओढला, तर तो दोन ठिकाणी थांबला, मोठ्या बंदुकीसारखाच. नळी तपकिरी, मऊ चकाकीची. फक्त दस्त्याच्या मागच्या भागावर तेलाचा हात फिरायचा बाकी होता.

साहेब म्हणाले, "लहान बनवतो तो मोठीही बनवेल." वस्तू जप्त झाली. डॉक्टर आमच्याबरोबर ठाण्यात आला. जीपमध्ये बसताना त्याने एकदा बाकावरच्या पेशंटांकडे पाहिलं. आता यातला कोण परत येईल, एवढंच त्या नजरेत होतं.

चौकशीत तो फार बोलला. मी इंग्रजी शाळेतली, हे त्याने ओळखलं आणि घाईघाईने इंग्रजीतच सांगायला लागला. साहेबांनी टेबलावर पेन आपटलं. "जबाब मराठीत आहे, मराठीत बोला. मॅडमनाही सवय होईल."

मग त्याने मराठीत सांगितलं. काकांच्या घरी खंडेनवमीला कोयता, कुऱ्हाड, पहार पाटावर मांडतात आणि मधोमध बंदूक. निवडणूक त्या सुमाराला आली की बंदूक ठाण्यात असते आणि पाटाचा मधला भाग मोकळा राहतो. काका त्या मोकळ्या जागेला हळदकुंकू वाहतात. लहानपणी त्याला ते बघून वाईट वाटायचं. शिवाय काकांना मूलबाळ नाही, त्यांच्यानंतर परवाना कोणाच्या नावावर होईल याचाही भरवसा नाही. म्हणून तिची हुबेहूब छोटी प्रत करायची, असं त्याने ठरवलं.

घोडा आणि चाप त्याने आधी मेणात कोरले आणि दातांच्या टोप्या जिथे ओतून घेतो, तिथेच ओतून आणले. आतली कमान, म्हणजे स्प्रिंग, जुन्या अवजारांच्या पोलादाची. लाकूड कोरायला दातांचंच ड्रिल. नळीला तपकिरी रंग चढवायला आधी गंज आणावा लागतो. तो घासायचा, पाण्यात उकळायचा, पुन्हा आणायचा. दुसरीकडे लोक त्यासाठी औषधं वापरतात. "मी रात्री नळी समुद्राकडच्या खिडकीत ठेवायचो," तो म्हणाला. "आपल्याकडे गंज मागवावा लागत नाही." हवालदार मागून नकळत हसले.

"ही उडते का?" साहेबांनी विचारलं.

"नाही. कान पाडलेला नाही."

ठिणगी नळीत शिरते त्या बारीक भोकाला कान म्हणतात. तो नसेल तर आतली दारू पेटणार कशी? मी टाचणी घेऊन बघितलं. टोक कुठेच शिरलं नाही. साहेबांना ते फारसं महत्त्वाचं वाटलं नाही. डॉक्टर हद्द सोडून जाणार नाही असं लिहून घेऊन त्यांनी त्याला घरी सोडलं आणि मला म्हणाले, "कागद तयार ठेवा. सोमवारी गुन्हा दाखल करू."

जप्त वस्तूचं वर्णन लिहायचं काम माझं. लांबी, रंग, लाकूड, खुणा. मला मराठी शब्द पटकन सुचत नाहीत, म्हणून मी वस्तूकडेच जास्त वेळ बघत बसते. ती बंदूक खिडकीकडे धरून मी नळीतून आत पाहिलं. पाठीमागचा स्क्रू काढलेला होता, त्यामुळे उजेड आरपार येत होता. आत पीळ होता. नळीच्या भिंतीला बारीक खाचा, गोल फिरत खोल गेलेल्या. ही नळी पेन्सिलच्या शिशापेक्षा थोडी जाड. तिच्या आत, जिथे कोणी कधी बघणार नाही, तिथे कोणीतरी बसून पीळ पाडला होता.

मी खोलीत जाऊन काकांच्या नावाची चिठ्ठी बांधलेली मोठी बंदूक काढली. टॉर्च लावला. आतून गुळगुळीत, पाण्याच्या नळासारखी.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. बाकावर कोणी नव्हतं. मी डॉक्टरला विचारलं, तुम्ही आत खाचा का पाडल्या?

तो माझ्याकडे बघतच राहिला. "कारण काकांच्या बंदुकीत आहेत. ती रायफल आहे, साध्या नळीची नाही. काका पहिल्या दिवसापासून दुसरं काय सांगताहेत? तोंड ते नाही."

काकांना शब्द माहीत नव्हता, खाचा माहीत होत्या. दरवर्षी तेल लावताना करंगळीला लागायच्या त्या. आणि डॉक्टरला वाटत होतं की पोलिसांना रायफल आणि साधी बंदूक यातला फरक कळतोच, तो वेगळा सांगायला कशाला हवा.

"तुम्ही हे मोजलं कसं?" मी विचारलं.

तो कपाटाकडे गेला. मी झडतीच्या वेळी त्याच कपाटासमोर उभी राहून 'दातांचे साचे' असं लिहिलं होतं. प्लास्टरच्या जबड्यांच्या रांगेमागून त्याने बोटाच्या पेराएवढी, बुचासारखी रबरी गुडदी काढली. कवळीसाठी हिरड्यांचं माप घेतात तसं, त्याच रबराने, त्याने काकांच्या बंदुकीच्या तोंडाचं माप घेतलं होतं. बंदूक ठाण्यात जमा व्हायच्या आधी. गुडदीवर तिरके कंगोरे उमटले होते. कडेला एक टवका होता. बंदूक एकदा विहिरीच्या कठड्यावर पडली होती, त्याचा.

मी ते माप ठाण्यातल्या बंदुकीच्या तोंडात घालून पाहिलं. गेलं नाही. कंगोरे अडले.

आनंद व्हायला हवा होता, पण मी आणखीच गोंधळले. ठाण्यातली बंदूक काकांची नाही, हे आता नक्की झालं. पण साहेबही तेच म्हणत होते. काकांनी खरी बंदूक जमा केलीच नव्हती, असं ते म्हणणार. माझा पुरावा काकांना वाचवतो आहे की आत टाकतो आहे, हेच मला समजेना. मी हवालदारांना सहज विचारल्यासारखं विचारलं, अशीच दिसणारी दुसरी बंदूक जमा होती का?

"होती की. काशीदच्या रिसॉर्टवाल्याची. एकाच कारागिराच्या हातच्या वाटतात दोन्ही. तो निकालानंतर लगेच घेऊन गेला."

मी साध्या कपड्यांत काशीदला गेले. सोबत एक महिला शिपाई. रिसॉर्टच्या जेवणाच्या खोलीत, काउंटरच्या मागे, बंदूक खुंट्यांवर आडवी टांगलेली होती आणि तिच्यावर रंगीत दिव्यांची माळ सोडलेली. खाली पर्यटकांची मुलं भजी खात होती. मालक बोलका होता. त्याचे आजोबा शिकारी होते, त्याला स्वतःला यातलं काही कळत नाही, फोटोला मात्र बरी दिसते, असं तो म्हणाला. आपल्या बंदुकीचं तोंड आतून कसं आहे, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. मी ओळख सांगितली आणि बंदूक खाली घ्यायला लावली.

माप तोंडाशी टेकवलं. टवका टवक्याला लावला. हलकेच दाबलं. ते आत गेलं, आणि जाताना माझ्या बोटांत स्वतःच थोडं फिरलं. मी फिरवलं नव्हतं. खाचांनी फिरवलं.

महिला शिपाई म्हणाली, "मॅडम, चावीसारखं गेलं."

म्हणजे दोन्ही बंदुका ठाण्यात आल्या होत्या आणि ठाण्यातच बदलल्या होत्या. कशा, हे मला परतताना जीपमध्ये सापडलं. दसऱ्याच्या दिवशी मी देवीच्या मिरवणुकीच्या बंदोबस्तात होते. ठाण्यात शस्त्रपूजन झालं, त्याचे फोटो ग्रुपवर आले होते आणि मी न बघताच हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं होतं. आता मी ते फोटो मोठे करून पाहिले. टेबलावर सरकारी रायफली, पिस्तुलं, आणि त्यांच्या शेजारी जमा केलेल्या लोकांच्या बंदुका. सगळ्यांना झेंडूच्या माळा. चिठ्ठी एकीलाही नाही.

मी हवालदारांना मुद्देमाल खोलीतच गाठलं आणि फोटो दाखवला. त्यांनी फोन हातात घेतला.

"चिठ्ठ्या मीच सोडल्या, मॅडम. बांधलेलं हत्यार देवापुढं ठेवत न्हाईत. आणि लोकांच्या बंदुका घरी असत्या तर त्यांची पूजा झालीच असती की. आपल्याकडं हायेत म्हणून उपाशी ठेवायच्या का?" मग त्यांनी फोन मला परत दिला. "परत बांधताना मला वाटलं, मी बरोबर बांधल्या."

त्यांनी चोरी केली नव्हती. निष्काळजीपणा म्हणावा, तर सगळ्या ठाण्यात त्या बंदुकांची एवढी काळजी दुसऱ्या कोणी केली नव्हती. पण त्यांना लेखी जाब विचारला गेला, चौकशी लागली, तर त्यांचं पेन्शन अडकणार होतं. काकांना वाचवायचं तर हवालदारांचं नाव येणार. न सांगावं तर काका आणि डॉक्टर आत जाणार. खबऱ्या, जबाब, झडती, हे सगळं मला प्रशिक्षणात शिकवलं होतं. हे शिकवलं नव्हतं.

पुढचं आधी सांगून टाकते. गुन्हा दाखल झाला नाही. पंचांसमोर दोन्ही बंदुका आपापल्या मालकांकडे गेल्या. रिसॉर्टवाल्याला फरक पडला नाही, त्याने दुसरी तिथेच टांगली, आणि परवान्याची बंदूक अशी टांगू नये म्हणून त्याला समज दिली गेली. काकांनी आपली बंदूक घेताना पुन्हा करंगळी घातली आणि मगच सही केली. छोटी बंदूक मी स्वतः डॉक्टरला परत दिली. त्याने तिच्या दस्त्यावर तेलाचा शेवटचा हात फिरवला, आणि तिचा कान आजही बंद आहे. हवालदार ठरल्या दिवशी हार घालून घरी गेले.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं विचारलं तर मी अजून अडखळते. आम्ही सगळ्यांनी बंदुकीला बांधलेली चिठ्ठी वाचली. बंदूक एका म्हाताऱ्याने वाचली, बोटाने. आणि तो जे सांगत होता ते चारचौघांसमोर स्पष्ट होतं, फक्त आमच्या शब्दांत नव्हतं. त्यानंतर कोणाचाही जबाब घेताना मी आधी विचारायचे, तुम्ही हे कशावरून ओळखलंत? आणि मग गप्प बसायचे.

पण त्या सोमवारी गप्प बसून चालणार नव्हतं. साहेबांच्या खोलीत मी माप ठेवलं, दोन्ही बंदुकांची हकिगत सांगितली आणि फोन टेबलावर ठेवला. काका आणि डॉक्टर बाहेर बाकावर बसले होते. हवालदार दारात उभे होते, टोपी हातात. साहेबांनी फोन न उचलताच फोटो पाहिल्यासारखं केलं आणि कागद पुढे ओढला.

"म्हणजे घोळ हवालदारांचा," ते म्हणाले. "त्यांच्या नावाने अहवाल लिहा. मुद्देमालाची जबाबदारी त्यांची. आपण कोणी त्यात नव्हतो."

हवालदारांनी मान खाली घातली. शब्द आधी मनात इंग्रजीत आले, मग मी ते मराठीत लावले. फोन उचलला, फोटो मोठा केला आणि त्यांच्यासमोर धरला.

"साहेब," मी म्हणाले, "आरतीचं ताट तुमच्या हातात आहे."